खुलासा: युरोपात चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर बंदी नाही

‘युरोपने चिनी इलेक्ट्रिक गाड्या बंद केल्या’ हा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, माझं चुकलं. नंतर युरोपीय संघाचं राजपत्र वाचलं. बंदीचा उल्लेखच नाही. आहे ते चीनमधल्या कंपन्यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा फायदा पुसून काढणारं जादा आयात शुल्क, ३० ऑक्टोबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी.

तेही सरसकट नाही. वर्षभर चौकशी करून कंपनीगणिक दर ठरले. चिनी कंपन्यांपैकी बीवायडीला १७ टक्के, पुरेसं सहकार्य न करणाऱ्या सैकला ३५.३, आणि चीनमध्ये बनलेल्या टेस्लालाही ७.८! नेहमीचं १० टक्के शुल्क वेगळं. हायब्रिड गाड्या यात येतच नाहीत.

कृपया तो मेसेज पुढे ढकलू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.