लोखंडवालाची चकमक आणि पडद्यावरची माणसे

'शूटआउट ॲट लोखंडवाला' (२००७) या हिंदी चित्रपटावरील एका लेखात विवेक ओबेरॉयने साकारलेल्या गुंड माया डोळसचे कौतुक झाले आहे, ते योग्यच आहे. मात्र मला त्याहून अधिक अस्वस्थ केले ते अमृता सिंगने साकारलेल्या, मुलाच्या गुन्हेगारीला खतपाणी घालणाऱ्या आईने. चित्रपट ज्या खऱ्या चकमकीवर बेतला आहे, त्यात १६ नोव्हेंबर १९९१ रोजी अंधेरीच्या भरवस्तीत भरदिवसा पोलिसांनी इमारतीला वेढा घातला, तासन्‌तास गोळीबार चालला आणि डोळसच्या टोळीतील सात जण ठार झाले. अमिताभ बच्चन यांचा वकील अखेर पोलिसांची बाजू इतक्या प्रभावीपणे मांडतो, की त्या गुंडांना जिवंत पकडणे शक्य होते का, हा कळीचा प्रश्न मागे पडतो, आणि बंद दारांआड अडकलेले रहिवासी तर कथेत जवळजवळ दिसतच नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.