काचा बदलण्याआधी गंज बघा

झाडांसाठी बांधलेल्या जुन्या काचघराच्या फुटक्या काचा बदलून, रंग देऊन ते लोकांसाठी लवकर खुलं करावं, असं एका लेखात म्हटलंय. खुलं व्हावंच, अगदी मनापासून वाटतं. पण काच नुसती जुनी झाली म्हणून फुटत नाही. चौकटीत काच पक्की करणारी लांबी (पुट्टी) वाळून तडकते, फटीतून पाणी शिरतं, लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो फुगला की काचेचा कोपरा टचकन उडतो. त्याच चौकटीत नवी काच बसवली, तर तीही जाणार! (जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासू नये.) लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातलं टेम्परेट हाऊस हे मोठं काचघर दुरुस्तीसाठी २०१३ ते २०१८ बंद होतं, सुमारे १५,००० काचा बदलल्या. अशा कामाला वेळ लागतोच.

काचघराला एसी लावून सभागृह करायची लेखातली सूचना मात्र मुळीच पटली नाही. छताच्या उघडझाप होणाऱ्या खिडक्या आधी चालू करा, गरम हवा वरून बाहेर जावी म्हणूनच त्या असतात. झाडं आतच राहू द्या. म्हाताऱ्या माणसांना टेकायला बाक, मुलांना रोपं लावायला एखादा वाफा, सुरुवातीला एवढं पुरे.