पाळी बारा दिवस चालते, तेव्हा ‘थांबेल आपोआप’ म्हणून बसू नका

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. मला तो तिघींनी पाठवला, तिघींनीही काळजीपोटीच. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: पाळी दहा-बारा दिवस चालली तरी घाबरू नका, शरीर साठलेलं खराब रक्त बाहेर टाकतंय. हे सगळं टेन्शनमुळे होतं. दुखत नसेल तर काळजीचं कारण नाही. डॉक्टरकडे गेलात की आतून तपासतात, गोळ्या सुरू करतात आणि शेवटी पिशवी काढायला सांगतात. म्हणून आधी मनातली भीती घालवा, मग काय ते बघा.

हे वाचून कितीतरी जणींना हायसं वाटलं असणार. दोन वर्षांपूर्वी मलाही वाटलं असतं. चौदावा दिवस उजाडला तरी माझी पाळी थांबली नव्हती, डॉक्टरांची वेळ मी दोनदा घेऊन दोनदा रद्द केली होती आणि नेमकं असंच काहीतरी वाचायला मिळावं म्हणून रात्री फोन चाळत बसले होते. त्यामुळे या मजकुरातलं एकेक वाक्य मला लागतं.

खराब रक्त असं काही नसतं. पाळीत बाहेर पडतं ते गर्भाशयाचं अस्तर आणि त्यासोबत आपल्या अंगातलं, लोह असलेलं, चांगलं रक्त. ते काळपट दिसतं कारण सावकाश बाहेर येतं. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं आणि 80 च्या वर गेलं तर ते जास्त धरतात. घरी कुणी मिलिलिटर मोजत नाही, म्हणून खुणा बघायच्या: तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, रात्री पॅड बदलायला उठावं लागणं, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या रक्ताच्या गाठी पडणं. दिवसांचं म्हणाल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे फिगो, 8 दिवसांपर्यंतचा रक्तस्राव नेहमीचा मानतो. बरेच डॉक्टर तर 7 दिवसांच्या पुढे गेलं की दाखवून घ्या म्हणतात. बारा दिवस यातल्या कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

आता टेन्शन. या दाव्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. ताणामुळे मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संकेत बिघडतात, पाळी पुढे जाते, कधी चुकते. अंडं सुटलंच नाही तर अस्तर वाढत राहतं आणि मग कधीतरी बरेच दिवस अंगावरून जातं. पण ताण हे बाकीची कारणं तपासून झाल्यावर द्यायचं उत्तर आहे, आधी द्यायचं नाही. फिगोने 2011 मध्ये अशा रक्तस्रावाची कारणं नऊ गटांत मांडली. पॉलिप म्हणजे अस्तरावर आलेला मऊ कोंब, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंतली गाठ, गर्भाशयाच्या स्नायूंत शिरलेलं अस्तर, अस्तराची अवाजवी वाढ किंवा कॅन्सर, रक्त नीट न गोठण्याचे आजार, अंडं वेळेवर न सुटणं, कॉपर टी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसारखे उपचार, आणि आणखी काही. ताण यातल्या एका गटातल्या, अंडं वेळेवर न सुटण्याच्या, अनेक कारणांपैकी एक आहे. थायरॉइड आणि पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा बिघाड, हेही त्याच गटात येतात. या सगळ्याच्या आधी गर्भधारणेची चाचणी करतात, कारण जी पाळी वाटते ती कधी कधी गर्भपाताची किंवा गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाची सुरुवात असते.

रक्त न गोठण्याच्या आजारांवर थोडं थांबते, कारण पहिल्या पाळीपासूनच दहा-दहा दिवस जाणाऱ्या मुलींना ‘सुरुवातीला असंच असतं’ म्हणून गप्प बसवलं जातं. 1926 साली फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी एका बेटावरच्या कुटुंबातला असा आजार नोंदवला. त्या घरातल्या ज्या मुलीला त्यांनी तपासलं होतं, ती पुढे किशोरवयात तिच्या चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने गेली. तो आजार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, रक्ताच्या तपासण्यांमधून कळतो आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या मुलीला वरचेवर घोळणा फुटत असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, जरा लागलं की काळंनिळं पडत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि टेन्शनचा उलट्या बाजूनेही विचार करा. माझी छाती धडधडायची, जिना चढताना धाप लागायची, हात गार पडायचे. मी ते भीतीच्या खात्यावर मांडलं होतं. रिपोर्ट आला तेव्हा हिमोग्लोबिन 9.1 आणि फेरिटिन 6. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला अ‍ॅनिमिया म्हणते. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो 15 च्या खाली गेला की कमतरता धरतात, आणि हिमोग्लोबिनच्या आधी तोच घसरतो. माझी भीती खोटी नव्हती, पण ती धडधड सगळी भीतीची नव्हती. लोहाच्या गोळ्यांनी त्यातली बरीचशी गेली.

दुखत नसेल तर काळजी नको, हे तर साफ चूक. पॉलिप बहुतेकदा दुखत नाही. पाळी जाऊन 12 महिने झाल्यावर एक डाग दिसला, अजिबात न दुखता दिसला, तरी तपासायचं.

डॉक्टर काय करतील याची भीती मात्र मी खोडून काढणार नाही. ती खरी असते, आणि काहींना तसे अनुभव आलेलेही असतात. पण आत काय होतं ते माहीत असलं तर पाय उचलतो. सुरुवात प्रश्नांनी होते, मग रक्ताची तपासणी. सोनोग्राफी भरलेल्या मूत्राशयावर, पोटावरूनही करता येते. शरीरसंबंध आलेले नसतील तर तसं स्पष्ट सांगा. आतून तपासायची गरज वाटली तर का, हे विचारा. आज नको म्हणा, मध्येच थांबा म्हणा, सोबत बाईमाणूस हवं म्हणा. तो तुमचा हक्क आहे. वय 45 च्या पुढे असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला सांगतात, त्यात घाबरवण्याचा हेतू नसतो.

गोळ्या सगळ्या हार्मोनच्याच असतात असंही नाही. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने 1962 मध्ये पुढे आणलं. ते फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत घ्यायचं असतं. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते चालत नाही, म्हणून मनाने घेऊ नका. हार्मोन सोडणारं साधन गर्भाशयात बसवता येतं, पॉलिप दुर्बिणीतून काढता येतो. माझा तसाच काढला. पिशवी काढणं हा एक उपाय आहे, पण बहुतेक कारणांत तो पहिला नसतो. कॅन्सर नसताना कुणी पहिल्याच भेटीत तो सांगितला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

राहिलं शेवटचं वाक्य: आधी भीती घालवा, मग जा. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. माझी भीती गेलीच नाही. मी ती घेऊन गेले. बाहेर बसले होते तेव्हा हाताच्या घामाने हातातला कागद मऊ पडला होता. तोंडाने बोलता येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून घरूनच लिहून आणलं होतं. डॉक्टरांनी वाचलं, पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “आज फक्त रक्त घेऊ. बाकीचं तुम्ही सांगाल तेव्हा.”

तासाला एक याप्रमाणे दोन तास पॅड भिजत असतील, उभं राहिलं की चक्कर येत असेल, किंवा दिवस राहिल्याची शक्यता असेल, तर चिठ्ठी लिहीत बसू नका, त्याच वेळी निघा. एरवी हा मजकूर तसाच उतरवून घ्या:

“पाळी अमुक तारखेला सुरू झाली, अजून थांबलेली नाही. दिवसाला इतके पॅड लागतात, गाठी पडतात किंवा पडत नाहीत. ही औषधं चालू आहेत. मला तपासणीची खूप भीती वाटते, कृपया प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा.”