21 दिवसांचं मौन, बंद केलेल्या गोळ्या आणि 'गुरुकोप'

मठात किंवा सत्संगात छळ सोसून बाहेर पडलेल्यांच्या 'मनःशांतीसाठी' म्हणून एक निरोप सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मावशीच्या फोनवर तो तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला, आणि तिसऱ्यांदा वाचून तिनं विचारलं, "मग गोळी बंद करू का?" आता गप्प बसणं शक्य नाही.

निरोपात म्हटलंय ते थोडक्यात असं: तुमच्यासोबत झालं ते तुमचं प्रारब्ध. गुरूविषयी वाईट बोललात तर घरावर कोप होतो. 21 दिवस मौन पाळून गुरुमंत्राच्या रोज 11 माळा ओढा, गोळ्या लागणार नाहीत, 'हे परदेशी डॉक्टरांनीही सिद्ध केलंय'. क्षमा केल्याशिवाय सुटका नाही. पोलिसांत गेलात तर धर्माची बदनामी. आणि गुरूंचा फोटो देव्हाऱ्यातून हलवू नका.

आधी गोळ्यांचं बघू. बाकीचे मुद्दे चुकले तर मनस्ताप होतो. इथे चुकलं तर माणूस दवाखान्यात पोचतो. भीती, नैराश्य, आघातानंतरची बेचैनी यांसाठी सहसा सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्रॅमसारखी औषधं देतात. त्यांचा गुण दिसायला 2 ते 6 आठवडे लागतात. म्हणजे ज्यानं गोळी नुकतीच सुरू केलीय, त्याला हा 21 दिवसांचा मुहूर्त नेमका गुण यायच्या तोंडावर गाठतो. बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम थांबवली, तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. निरोप लिहिणाऱ्यानं याचीही सोय करून ठेवलीय: 'सुरुवातीला त्रास होईल, ते विकार बाहेर पडणं आहे.' अहो, ते विकार नव्हेत, औषध अचानक तोडल्याचा परिणाम आहे! झोपेसाठी महिनोन्‌महिने क्लोनाझेपाम घेणाऱ्यानं ती एका रात्रीत सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. डोस उतरवायचा असतो, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानं.

मौनाचंही तसंच. 'बाहेर कुणाशी बोलायचं नाही' ही अट ज्याच्यावर वर्षानुवर्षं लादली गेली, त्याला बाहेर पडल्यावर पुन्हा गप्प बसवायचं? तासन्‌तास डोळे मिटून एकटं बसलं की काही जणांना नको त्या आठवणी अंगावर धावून येतात, आणि 'साधनेत कमी पडलो' हा नवा अपराधभाव वर. त्या वेळी डोळे उघडे ठेवायचे. पाय जमिनीवर टेकवायचे, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची: पंखा, कॅलेंडर, पाण्याचा तांब्या. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, तीन-चार मिनिटं. श्वास रोखायचा नाही, त्यानं काहींची धडधड वाढते.

आता ते 'परदेशी डॉक्टर'. इथे अर्धं खरं आहे, कुरकुरत का होईना मान्य करतो. इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. लॅटिनमधली 'आवे मारिया' ही जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला साधारण 6 वर येतो आणि हृदयाच्या लयीला त्याचा फायदा होतो, असं त्यात दिसलं. जपानं जीव शांत होतो हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. पण अभ्यासात माणसं होती 23, सगळी निरोगी. आघात नाही, 21 दिवस नाहीत, गोळ्या सोडणं तर नाहीच. शिवाय ख्रिस्ती प्रार्थनेनं आणि बौद्ध मंत्रानं तेच साधत असेल, तर कानात फुंकलेल्या गुप्त मंत्राची मक्तेदारी कुठे राहिली? आणि ज्यानं इजा केली त्यानंच तो मंत्र दिला असेल, तर तो ओठांवर येताच छातीत धस्स होणार. मग तो सोडा. हरिपाठ म्हणा, आजीची ओवी म्हणा, नाहीतर नुसते आकडे मोजा.

गुरुकोप खरा की खोटा हे तपासायला वही लागते. तारीख टाकून लिहा: कोप कुणावर होणार, नेमकं काय होणार, कधीपर्यंत. 'काहीतरी वाईट होईल' असं लिहिलं की परीक्षा फसली, कारण तीन महिन्यांत कुठल्या घरात काहीतरी होत नाही? कुणाला डेंग्यू होतो, कुणाचा गीझर जळतो. म्हणून शेजारच्या पानावर अजून मठात जाणाऱ्या दोन घरांतली दुखणी-खुपणी, नुकसानंही टिपा. पानं सारखीच भरतात. बुद्धीला पटलं तरी गुरुवारी संध्याकाळी किंवा उदबत्तीच्या वासानं छाती धडधडेल. ती शरीराला लागलेली सवय आहे, कोप नव्हे. उदबत्तीचा वास बदलून पाहा. आणि निंदेचं म्हणाल तर भोंदू साधूंना तुकोबांनी अभंगांतून झोडपलंय. त्यांच्यावर कोणाचा कोप झाला म्हणायचा?

प्रारब्धावर जास्त शब्द खर्चायचे नाहीत. हात उचलणाऱ्याचं कर्म कुठं गेलं, एवढंच विचारा.

क्षमा पहिली पायरी नाही. कधी शेवटचीही नसते. व्यवहारात काय होतं ते पाहा: 'क्षमा केली' हे कळवायला फोन जातो, पलीकडून गोड आवाज येतो, पुढच्या पौर्णिमेला माणूस परत रांगेत.

धर्माची बदनामी? महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा उघडून वाचा. अंगात दैवी शक्ती आहे, तू गेल्या जन्मी माझी पत्नी होतीस, असं सांगून केलेलं लैंगिक शोषण त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्याच कायद्यानं हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा स्पष्टपणे वगळलंय. मग बदनामी कोणाची होते? समाजानं वाळीत टाकलं तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद. तक्रार आज करायची नसेल तर नका करू, पण चॅट, देणगीच्या पावत्या, यूपीआयच्या नोंदी पुसू नका. पुरावा आणायला एकटं परत जाऊ नका.

घरच्यांनी सगळी हकीकत एका बैठकीत खोदून काढू नये. आघातावर काम करणारे समुपदेशकही आधी झोप, जेवण, सुरक्षितता बघतात. पूर्ण उपचाराला साधारण 8 ते 12 बैठका, कधी जास्त लागतात. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नाव-गाव नाही सांगितलं तरी चालतं. 'झोप लागत नाही आणि भीती वाटते' एवढं पुरतं.

राहिला फोटो. रागाच्या भरात जाळू नका, कारण मध्यरात्री तीच राख अपराधभाव बनून छातीवर बसते. जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाका. सहा महिन्यांनी काढायचा की रद्दीत द्यायचा, ते तेव्हा बघू.