फुकटचा गॅस

गोबरगॅस फुकट पडतो असं जो सांगतो, त्याच्या नखांकडे एकदा नीट बघावं. स्वच्छ असतात. शेण कालवणाऱ्याची तशी कधीच नसतात.

योजनेच्या पत्रकावरचं चित्र ठरलेलं: डोक्यावर पदर घेतलेली बाई, निळी ज्योत, टम्म फुगलेली भाकरी. त्या चित्रात घमेलं कुठेच नसतं, आणि गोबरगॅस म्हणजे बाराआणे घमेलंच. दोन घनमीटरच्या प्लँटला रोज ५० किलो ताजं शेण लागतं. त्याला चार-पाच जनावरं पुरतात, असं पत्रक म्हणतं. पत्रकातली जनावरं दिवसभर गोठ्यात उभी असणार. आमची चरायला जातात आणि निम्मा ऐवज माळावर ठेवून येतात.

त्या ५० किलोत तेवढंच पाणी. मग कालवायचं. काठीने ढवळून भागत नाही, गुठळ्या तशाच राहतात. हात कोपरापर्यंत घालावाच लागतो. बोटांना जे जे लागतं ते बाहेर काढायचं: कडब्याचे बुडखे, खडे, दाव्याचा नायलॉनचा तुकडा, एखादी गुटख्याची पुडी. कडबा आत गेला तर वर तरंगतो आणि त्याची जाड साय धरते. गॅस तिच्याखाली अडकून बसतो. वाळू तळाला जाते आणि दरवर्षी टाकी थोडी थोडी लहान करते. म्हणून काला कुंडीत थोडा वेळ निवांत ठेवायचा, वाळू खाली बसली की मगच टाकीकडे जाणाऱ्या नळीचा बोळा काढायचा. बोळा काढताना तोंड मिटलेलं असावं, एवढं मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो.

ही झाली रोजची गोष्ट. पहिल्यांदा टाकी भरायची तर साधारण दोन टन शेण लागतं. गावात ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, त्यांच्याही गोठ्यात त्यासाठी जावं लागतं. मग दोन-तीन आठवडे वाट बघायची. एके दिवशी टाकीवर उपडा घातलेला ड्रम गॅसने वर उचलतो, घरात आनंदीआनंद होतो, शेगडीला काडी लावतात आणि काडी विझते. कारण सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. शिवाय पाइपात हवा मिसळलेली असते, म्हणून हा पहिला गॅस मोकळ्या जागी सोडून द्यायचा. आणि पेटतोय का हे बघायला टाकीच्या नळीशी काडी नेणाऱ्या उत्साही भाच्याला आधी घरी पाठवायचं.

त्यानंतर हा घरजावई कायमचा. जेवणाची वेळ चुकवायची नाही, ताटात काय वाढतो ते बघायचं. गोठा फिनेलने धुतलेलं पाणी चालत नाही, साबणाचं तर नाहीच. आतले जिवाणू मरतात. गाईला दगडी (कासेची सूज) झाली आणि अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली, की तिचं शेण काही दिवस बाजूला. शेजारच्या वहिनी लग्नातला उरलेला भात बादलीभर आणून देतात: ‘घाला की, वाया कशाला?’ शिळ्या भाताने गॅस शेणापेक्षा लवकर होतो, हे खरं. पण एकदम बादलीभर ओतला तर आम्ल करणारे जिवाणू भराभर काम उरकतात, मिथेन करणारे मागे पडतात आणि सगळी टाकी आंबते. मग चारा बंद, थोडी चुन्याची निवळी, ताजं शेण, आणि तोवर चुलीवर स्वयंपाक. वहिनींना मात्र नाही म्हणता येत नाही.

थंडीत त्याचे नखरे वाढतात. जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपास बरं वाटतं; वीसच्या खाली गेलं की ते अंगावर घेऊन बसतात. काला उन्हात तापलेल्या पाण्यात करावा, दुपारी सोडावा, ड्रमभोवती पाचट रचावं. तरंगत्या ड्रमचा एक फायदा, गॅस किती आहे ते अंगणातून दिसतं. दीनबंधू नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या प्लँटला ड्रम नसतो, त्याचा घुमट जमिनीखाली असतो, तिथे भाकरी अर्धी भाजून झाल्यावरच कळतं.

शेगडीचं वेगळंच. सिलिंडरची शेगडी इथे चालत नाही. हा गॅस हलक्या दाबाचा, त्याला जेटचं भोक मोठं लागतं. ज्योत पिवळी असेल तर हवा कमी, बर्नर सोडून वर उडत असेल तर हवा जास्त. आणि ज्योत उचक्या द्यायला लागली की पाइपात पाणी. टाकीतून गॅस ओलसर निघतो आणि पाइपात थंड झाला की त्याचं पाणी होतं. म्हणून पाइपाला सलग उतार देऊन सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवतात. गवंडी मात्र मध्ये एक झोळ ठेवतोच. कॉक तुळशीवृंदावनाजवळ, झोळ न्हाणीमागे.

पाहुण्यांचा प्रश्न एकच: ‘चहाला वास येतो का हो?’ नाही येत. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लावत होते, असं मी सांगतो. त्यानंतर पाहुणे सरबत घेतात.

एवढं करून हे का चालवायचं, तर मागच्या बाजूने निघणाऱ्या स्लरीसाठी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेल्या पातळ शेणखतासाठी. गॅस गेला तरी नत्र त्यातच राहतं, माश्या बसत नाहीत, आणि तणाचं बी बरंचसं मरून गेलेलं असतं. नाकाला रुमाल लावून जाणारे आमचे भाऊबंद नेमके उसाच्या बांधणीला येतात. ‘अण्णा, दोन टाक्या द्या की.’ द्यायला हरकत नाही. उद्या सकाळी कालवायला हात लावाल का, एवढंच मी विचारतो. उद्या सकाळी त्यांच्या शेताची लाइट असते.