‘कोरियात जठर काढत नाहीत’ म्हणून ऑपरेशनची तारीख रद्द करू नका

चोपड्याला माझं मेडिकल आहे. गेल्या महिन्यात तिघांनी काउंटरवर मोबाइल ठेवून एकच मेसेज दाखवला: ‘कोरियात आता पोटाच्या कॅन्सरला जठर काढत नाहीत. एक गाठ तपासतात, ती साफ निघाली की पेशंट घरी. आयुष्य तेवढंच. आपल्याकडे मात्र पैशासाठी जठर काढतात. तुकडा काढू देऊ नका, सुरी लागली की कॅन्सर पसरतो.’ तिसरा माणूस तालुक्यातलाच केळीवाला. थोरल्या भावाच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली, आणि घरचे या मेसेजवरून ती रद्द करायला निघालेले. ‘‘भाऊ, आते काय करानं?’’ त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

कोरियातली गोष्ट बनावट नाही, हे आधी मान्य करतो. कॅन्सर जठराबाहेर निघाला की बहुधा आधी जवळच्या लसिका ग्रंथींत, म्हणजे आपण नुसतं ‘गाठी’ म्हणतो त्यांत उतरतो. पाटाचं पाणी आधी पहिल्या वाफ्यात शिरतं, तसं. म्हणून दुर्बिणीतून कॅन्सरच्या कडेने रंग आणि किरणोत्सारी द्रव टोचतात. तो ज्या गाठींत आधी पोचतो त्या आजूबाजूच्या भागासकट काढतात आणि ऑपरेशन चालू असतानाच तपासतात. साफ असल्या तर जठराचा कॅन्सर असलेला भाग तेवढा काढून बाकीचं ठेवतात. कॅन्सर सापडला तर नेहमीचं मोठं ऑपरेशन. म्हणजे ‘गाठ तपासली की घरी’ असं काही नसतं. भूल, ऑपरेशन, जठराचा काही भाग जाणं हे सगळं त्यातही आहेच.

‘आयुष्य तेवढंच’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ते अर्धं खरं आहे. कोरियातल्या 7 रुग्णालयांत 580 जणांवर ही तुलना झाली. सगळ्यांचा कॅन्सर सुरुवातीचा, 3 सेंटिमीटरपर्यंतचा, आणि तपासणीत गाठींत गेल्याची खूण नसलेला. 3 वर्षांनी कॅन्सर न उलटता जगणारे नेहमीच्या ऑपरेशनात 95.5 टक्के, नव्या पद्धतीत 91.8 टक्के. फरक 5 टक्क्यांच्या आत आहे अशी खात्री पटली तरच नवी पद्धत जुनीच्या तोडीची मानायची, हे आधीच ठरलं होतं. आकडेमोडीत हा फरक 8.1 टक्क्यांपर्यंत असू शकतो असं निघालं, म्हणून ती तोडीची ठरली नाही. अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनीच 2022 साली तसं छापलं.

मग ती पद्धत वाईट का? नाही. कॅन्सरने मृत्यू न आलेले 99.5 आणि 99.1 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. खाणंपिणं, वजन, रोजचं जगणं नव्या पद्धतीत चांगलं राहिलं. पण उरलेल्या जठरात पुन्हा कॅन्सर उगवायला जागा राहते. तो वेळेत धरला आणि पुन्हा ऑपरेशन केलं, म्हणून माणसं वाचली. वर्षानुवर्षं नेमाने दुर्बीण करत राहणं ही या पद्धतीची अट आहे, आणि मेसेजमधून नेमकी तीच गाळली आहे. शिवाय हात बसलेला सर्जन आणि तिथल्या तिथे गाठ तपासणारा तज्ज्ञ लागतो. जपानमध्ये एका चाचणीत फक्त हिरवा रंग वापरला होता. ज्या 28 जणांच्या गाठींत कॅन्सर होता, त्यांतल्या 13 जणांच्या रंगलेल्या गाठी साफ निघाल्या. ती चाचणी थांबवावी लागली.

आता पैशाचं. कोरियात चाळिशीनंतर दर 2 वर्षांनी पोटाची तपासणी सरकारच करतं, म्हणून तिथे कॅन्सर लहान असताना सापडतो. आपल्याकडे? माझ्याच दुकानातून सहा-सहा महिने अ‍ॅसिडिटीची गुलाबी बाटली जाते. ‘मिरचीनं जळजळतंय’ म्हणत माणूस येत राहतो आणि दरवेळी त्याचा शर्ट आणखी ढगळ दिसतो. अर्ध्या भाकरीत पोट भरतं, शौचाला काळं होतं, तेव्हा कुठे दुर्बीण होते. तोवर कॅन्सर खोल गेला असेल तर कोरियातला सर्जनही जठराचा मोठा भाग काढेल. पैशाचा संशय असेलच तर फाइल घेऊन परळला टाटाला दुसरं मत घ्या, ऑपरेशन फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते विचारा. पण हे आठवड्याभरात करा, सुगी आटोपल्यावर नको.

तुकड्याबद्दल थोडक्यात. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. त्याने कॅन्सर पसरत नाही, आणि त्याशिवाय अल्सर की कॅन्सर हेच ठरत नाही. ऑपरेशननंतर ‘पसरला’ असं वाटतं तो बहुतेक वेळा आधीच पसरलेला असतो.

केळीवाल्याचा खरा प्रश्न शेवटी आला: ‘‘भाऊ जेवेल का नंतर?’’ डब्यातली भाकरी काढून मी चतकोर तोडला. एका वेळी एवढं, दिवसातून सहा वेळा, सावकाश चावून. पूर्ण जठर काढलं तर बी-12 ची इंजेक्शनं कायमची. तो त्या चतकोराकडे बघत राहिला. मग तिथूनच घरी फोन लावला: ‘‘फाइल कोठे शे?’’