चोवीस तास सगळ्यांना सारखे? मग डबा कोण भरतं?

जानेवारी उजाडला की हा मेसेज फिरायला लागतो, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पुन्हा एकदा. पाठवणारा बहुधा नुकताच धावायला लागलेला, चाळिशीतला कुणीतरी असतो. त्याचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा असतो:

"देवाने सगळ्यांना २४ तासच दिलेत, पंतप्रधानांनाही आणि तुम्हालाही. 'वेळ नाही' हे निमित्त आहे. पहाटे ५ ला उठा. रोज एक तास व्यायाम, एकही दिवस चुकवायचा नाही. २१ दिवसांत सवय लागते. १०,००० पावलं झालीच पाहिजेत. आपल्या आज्या कुठे जिमला जायच्या? घरकाम हाच त्यांचा व्यायाम! जो स्वतःसाठी एक तास काढू शकत नाही, तो कुटुंबासाठी काय करणार?"

व्यायाम करावा की करू नये, हा इथे वादच नाही. 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं, पुरुषांमध्ये ४२. मेसेजचं खरं मानायचं तर या देशातल्या बायका पुरुषांपेक्षा आळशी आहेत. सकाळी सहाला कुठल्याही चाळीतून नुसती चक्कर मारली तरी हे पटणं अवघड जातं.

तर पहिलं वाक्य, २४ तासांचं. घड्याळात २४ तास आहेत हे खरं, पण ते कोणाच्या हातात किती उरतात हे मोजता येतं आणि सरकारने ते मोजलंय. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळेच्या वापराची पाहणी आहे. २०२४ च्या फेरीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि पुरुष ८८. म्हणजे रोजचा तीन तास एकवीस मिनिटांचा फरक. शिवाय ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची आहे. जे पुरुष इकडची काडी तिकडे करत नाहीत ते त्यात धरलेलेच नाहीत, आणि तेच जास्त आहेत. २०१९ च्या फेरीत दिवसभरात असं काही काम केलेल्या बायका होत्या ८१ टक्के, पुरुष २६ टक्के.

आता हे आकडे डोंबिवलीच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात आणून ठेवा. दोघंही नोकरीला, मूल तिसरीत. पाणी सकाळी येतं, व्हॅन सातला येते, लोकल चुकली तर लेटमार्क. यातला एक जण सहा ते सात धावायला गेला, तर तो तास त्याला देवाने दिलेला नसतो. तो दुसऱ्याच्या खात्यातून वळता झालेला असतो. कुकरच्या शिट्ट्या कोणीतरी मोजलेल्या असतात, पिंप कोणीतरी भरलेलं असतं, मोज्याचा दुसरा पाय कोणीतरी शोधलेला असतो. घामाने निथळत परत येऊन "बघ, इच्छा असली की जमतं" म्हणणाऱ्या माणसाला हे दिसत नाही, कारण तो परत येतो तोवर डबे भरून झालेले असतात. व्यायामाला वेळ मिळणं ही मुळात घरातल्या वाटणीची गोष्ट आहे. मेसेजने ती चारित्र्याची करून टाकलीय.

एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना तर वाटणीसाठी दुसरं माणूसच नसतं. बारा तासांची पाळी करणारा आमच्या सोसायटीचा वॉचमनही याच २४ तासांत जगतो, पण त्याला हा मेसेज कोणी पाठवत नाही. पाठवणाऱ्यालाही आतून माहीत असतं की तिथे तो शोभणार नाही.

"पहाटे ५ ला उठा." उठायला हरकत नाही, पण झोपायचं कधी? प्रौढांना किमान सात तास झोप हवी, यावर झोपेचे डॉक्टर बऱ्यापैकी एकमताचे आहेत. म्हणजे दहाला डोळा लागायला हवा. रात्री आठला घरी पोचून, जेवण करून, अभ्यास घेऊन, ओटा आवरून, उद्याची भाजी निवडून दहाला झोपणारे आईवडील मला दाखवा. (लेडीज डब्यात घेवडा निवडत जाणाऱ्या बायकांचे फोटो 'मुंबई स्पिरिट' म्हणून फिरतात. ते स्पिरिट नाही, ती कामाची पाळी आहे.) साडेअकराला पडलेला माणूस पाचला उठला की साडेपाच तास झोप होते. नेमका याच आकड्याचा एक प्रयोग शिकागोमध्ये झाला होता, २०१० साली प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या १० जणांना मोजून कमी आहार दिला. १४ दिवस अंथरुणात साडेआठ तास आणि १४ दिवस साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा साधारण सारखंच उतरलं. पण कमी झोपेच्या पंधरवड्यात चरबी ५५ टक्क्यांनी कमी घटली आणि स्नायूंसारखं चरबीविरहित वजन ६० टक्क्यांनी जास्त गेलं. प्रयोग छोटा आहे, त्यावर वेद लिहायला नको. तरी झोप कापून व्यायामाला जागा करणाऱ्याने तो वाचावा. तान्हं मूल असलेल्या घराला पाचचा गजर सुचवणाऱ्याला तर कोपरापासून नमस्कार.

आणि पहाटच का? संध्याकाळी केलेल्या व्यायामाने झोप उडते हा समज उपलब्ध अभ्यासांत टिकलेला नाही. अगदी दमछाक करणारा व्यायाम झोपायच्या तासाभरात संपवला तर त्रास होऊ शकतो, एवढंच. रात्री नऊला जेवणानंतर गच्चीवर घातलेल्या फेऱ्या या फेऱ्याच असतात.

"रोज एक तास, एकही दिवस चुकवायचा नाही." मेसेजमधलं सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य माझ्या मते हेच. रोज तास म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाचं चालणं. जोरदार असेल तर ७५ ते १५० मिनिटं. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारं काहीतरी. मेसेज किमान मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट मागतो आणि वर एकही खाडा नको म्हणतो. मग मुलाला ताप येतो, मार्चअखेर येते, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघतं, दोन दिवस जातात आणि माणूस "आपल्याच्याने होणार नाही" म्हणून बूट माळ्यावर टाकतो.

त्याच २०२० च्या सूचनांत आणखी एक बदल झाला, त्याची फारशी बातमी झाली नाही. आधी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरू नये असं होतं. ती अट काढली. चार मिनिटांचा भरभर चढलेला जिनाही आता जमेस धरतात. २०२२ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये ब्रिटनमधल्या, व्यायाम अजिबात न करणाऱ्या २५,००० हून अधिक लोकांचा अभ्यास आला. मनगटावरच्या यंत्राने त्यांची हालचाल मोजली होती. बससाठी पळणं, सामान घेऊन जिना चढणं अशी धाप लावणारी मिनिट-दोन मिनिटांची कामं दिवसातून तीनेकदा करणाऱ्यांमध्ये, अशी हालचाल मुळीच नसलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण ३८ ते ४० टक्के कमी दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. जे धडधाकट असतात तेच जिने पळत चढतात, ही शक्यता पूर्ण वगळता येत नाही.

ही शंका नवी नाही. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. पण त्यांनीच पुढे कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं काढून दाखवलं की ड्रायव्हरांच्या कमरा आधीपासूनच मोठ्या होत्या! मला हा माणूस फार आवडतो. आपल्याच सिद्धान्तावर शंका घ्यायला शिंप्याच्या नोंदी काढून बसणारा. तरीही नंतरच्या कित्येक दशकांच्या कामाने त्याचं मूळ म्हणणं, हालचाल हृदय राखते, उचलूनच धरलं.

बरं, आठवडाभर काही जमलं नाही आणि शनिवार-रविवारीच वेळ मिळाला तर? २०२३ च्या एका अभ्यासात, पुन्हा ब्रिटनमधलाच, जवळपास ९०,००० लोकांचा, आठवड्याची बहुतेक हालचाल एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या बाबतीत आठवडाभर वाटून करणाऱ्यांइतकाच फायदा दिसला. सहा महिने खुर्चीत बसून एका रविवारी सिंहगड पळत चढा, असा याचा अर्थ नाही. गुडघे आणि छाती दोन्ही तक्रार करतील. पण "रोज नाही तर काहीच नाही" हे धादांत चूक आहे.

२१ दिवसांचं आता थोडक्यात. हा आकडा १९६० मध्ये एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलेल्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. नवं नाक अंगवळणी पडणं आणि पोळ्या लाटून झाल्यावर बैठका मारणं, यात फरक आहे. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय लागायला मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला, कोणाला १८ तर कोणाला २५४ असा अंदाज होता. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडत नव्हतं.

१०,००० पावलांचं मूळ तर जाहिरातीत आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवर झालेल्या अभ्यासात ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचं प्रमाण घटलेलं दिसलं आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. ठाण्याला पूल चढून, फलाट बदलून, शेअर रिक्षाच्या रांगेपर्यंत चालणाऱ्या बाईची अर्धीअधिक पावलं ऑफिसला पोचेपर्यंतच होतात. फक्त ती त्याला व्यायाम म्हणत नाही, आणि घड्याळ घातलेला नवरा म्हणतो.

आता आज्या. "घरकाम हाच व्यायाम" हे वाक्य त्याच मेसेजमध्ये आहे ज्यात रोज एक तास काढायला सांगितलंय. दोन्ही एकाच माणसासाठी नसणार हे उघड आहे. तास काढायचा त्याने, घरकाम करायचं तिने. आजी जात्यावर दळायची, विहिरीचं पाणी शेंदायची, शेतात खपायची. कष्ट होतेच. त्यातून तिला काय मिळालं, तर वाकलेली पाठ आणि झिजलेले गुडघेही मिळाले. त्या आज्या साठीत कशा चालायच्या हे आठवून बघा. आजच्या ओटा पुसण्याला, कपडे वाळत घालण्याला तेवढाही जोर लागत नाही. बरंचसं घरकाम हलक्या हालचालीत मोडतं. ते बसून राहण्यापेक्षा चांगलं, पण धाप लागत नाही आणि ताकदही वाढत नाही. ताकद वाढायला ओझं हळूहळू वाढवावं लागतं, आणि भांड्यांचा ढीग वाढतो तो असा पद्धतशीर वाढत नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना हा व्यायाम पुरत असता तर त्यांनी दर महिन्याला कंबरदुखीच्या गोळ्या मागितल्या नसत्या.

साधनं लागत नाहीत म्हणून सूर्यनमस्कारांचं नाव नेहमी निघतं, आणि ते खरोखर सोयीचे आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले. निष्ठा वादातीत. पण राजेसाहेबांच्या पोळ्या दुसरं कोणी लाटत होतं, एवढं गृहीत धरायला हरकत नसावी.

राहिलं शेवटचं वाक्य, "जो स्वतःसाठी तास काढू शकत नाही तो कुटुंबासाठी काय करणार?" तो कुटुंबासाठीच करत असतो, म्हणून तास निघत नाही. उलट प्रश्न कुटुंबाने एकमेकांना विचारायचाय: हिच्या आणि ह्याच्या व्यायामाच्या वेळी घर कोण बघणार?

त्यासाठी पहाट लागत नाही, एक कागद लागतो. १५० मिनिटांपैकी बरीचशी चालण्यातून निघतात. स्टेशनला रिक्षा सोडून भरभर चालत गेलं आणि आलं, जाताना दहा मिनिटं, येताना दहा, आठवड्याचे पाच दिवस, की १०० झाली. उरलेली पन्नास रविवारी मुलांबरोबर बॅडमिंटन किंवा पकडापकडी खेळण्यात जातात. मुलांमागे पळून बघा, धाप लागते. अवघड असतात त्या ताकदीच्या दोन वेळा, कारण त्यांना सलग अर्धा-पाऊण तास आणि रिकामी खोली लागते. बैठका, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून जोर, पाठीला मुलाचं दप्तर लावून चढलेले जिने, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. जिमची फी नाही. या दोन वेळा मात्र वारासकट लिहून ठेवाव्या लागतात. मंगळवार-शुक्रवार तिचे, बुधवार-शनिवार त्याचे. त्या वेळात अभ्यास, कुकर आणि दारावरची बेल दुसऱ्याकडे. आणि त्या चाळीस मिनिटांत दार ढकलून "अगं, साखर कुठे ठेवलीयस?" असं विचारायचं नाही.